सरवा ठेवणारी माणसे

आपल्याकडे सार्वजनिक जागेतला पंखा सहसा मुका नसतो. शाळेत, देवळात, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मान वर करून पाहावे, तर त्याच्या तिन्ही पात्यांवर रंगाने लिहिलेले असते : अमुक यांजकडून, तमुक यांच्या स्मरणार्थ. वीज असते तोवर वारा लागतो, पण नाव दिसत नाही. वीज गेली की नाव दिसते, पण घाम निघत असल्याने ते वाचायची कोणाची इच्छा नसते. हसण्यावारी नेण्याजोगीच ही गोष्ट आहे. पण आम्हा ख्रिस्ती मंडळींना दुसऱ्यांना हसता येणार नाही. आमच्या चर्चमध्येही बाकांच्या पाठीवर, वेदीच्या पायरीवर, हार्मोनियमच्या पेटीवर आणि अर्थातच पंख्यांवर हीच नावे आहेत.

याच देणगीदारांच्या फलकांवर, पाच हजार एक आणि अकराशे एक यांच्या मध्ये कोठेतरी, 'गुप्तदान' अशी एक ओळ असते. ती वाचली की मी थोडा थांबतो. हा माणूस बहुधा गावातलाच असणार. फलकाचे अनावरण झाले तेव्हा तोही मांडवात बसला असेल, पाहुण्यांच्या भाषणाला त्यानेही टाळ्या वाजवल्या असतील आणि प्रसादाची पुडी खिशात घालून घरी गेला असेल. त्याचे पैसे इतरांच्या पैशांइतकेच खरे होते. पण त्याने त्यांच्या बदल्यात काही उचलले नाही.

आजचा लेख या ओळीविषयी आहे, आणि मी मराठी ख्रिस्ती असल्यामुळे तो मुख्यतः आमच्या घरातल्या त्या ओळीविषयी आहे. आमच्या समाजाबद्दल महाराष्ट्रात दोन समज चांगले रुजलेले आहेत. पहिला, हे लोक फार सेवाभावी. मिशनचे दवाखाने पाहा, शाळा पाहा. हा समज नाताळच्या सुमारास भाषणांत ऐकू येतो. दुसरा समज, या सेवेमागे काहीतरी हेतू असतो. हा उरलेले वर्षभर दबक्या आवाजात ऐकू येतो, आणि अलीकडे तितक्याशा दबक्या नव्हे. दोन्ही समजांची नजर संस्थांवर असते. कोणाला न सांगता एखादा ख्रिस्ती माणूस शेजारच्या घरासाठी जे थोडेफार करतो, ते दोन्हींच्या हिशेबात येत नाही. माझे म्हणणे असे की आमच्या धर्माचे मर्म त्या थोड्याफारातच आहे, आणि आज ते एकीकडून जाहिरातीच्या व दुसरीकडून संशयाच्या कात्रीत सापडले आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या ते सातव्या अध्यायांत येशूचे डोंगरावरील प्रवचन आहे. त्यातल्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्ही गोष्टी लोकांनी पाहाव्यात म्हणून करू नका, असे बजावले आहे. दान देताना तर एका हाताचे दुसऱ्या हाताला समजू देऊ नये, इथपर्यंत हा आग्रह जातो. कॅथलिक उपासनेत हा उतारा राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी वाचला जातो, आणि नेमकी त्याच दिवशी कपाळावर राखेची खूण घेऊन माणसे कचेऱ्यांत जातात. वसईचे माझे एक मित्र दर वर्षी म्हणतात, 'उपवास लपवा असं वाचून दाखवायचं आणि पाटी कपाळावर लावून पाठवायचं!' म्हणतात आणि दर वर्षी राख घेतात.

पण याच प्रवचनात, एकच अध्याय आधी, येशू नेमके उलट सांगताना दिसतो. दिवा लावून तो मापाखाली झाकून ठेवू नये. तुमची चांगली कृत्ये लोकांना दिसावीत, म्हणजे ते तुमच्या स्वर्गातील पित्याचे गौरव करतील. मग दिसू द्यायचे की झाकायचे? पंडितांनी यावर पुष्कळ शाई खर्च केली आहे. माझ्यासारख्या साध्या वाचकाला त्यात विसंगती वाटत नाही. कृत्य दिसावे, कर्ता दिसू नये. घरात दिवा लागला की भांडीकुंडी दिसतात, माणसांचे चेहरे दिसतात; संध्याकाळी त्यात तेल कोणी घातले हे कोणी विचारत नाही, आणि घालणारीही सांगत बसत नाही.

इथवर सगळे देणाऱ्याच्या नम्रतेबद्दल झाले. प्रवचनांतही बहुधा तेवढेच होते. गर्व नको, मोठेपणा नको, फळ स्वर्गात मिळेल. हे खरे असले तरी अर्धेच खरे आहे. दान गुप्त ठेवण्याची खरी गरज देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याला असते. येशू ज्या यहुदी परंपरेत वाढला तिला ही गोष्ट पक्की ठाऊक होती. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या यहुदी ग्रंथात जेरुसलेमच्या मंदिरातल्या एका 'गुप्त दालना'चा उल्लेख आहे. भाविकांनी तिथे गुपचूप द्यावे, आणि चांगल्या घरची पण हलाखीत सापडलेली माणसे असतील त्यांचा निर्वाह त्यातूनच गुपचूप चालावा, अशी ती व्यवस्था. आपल्या फलकांवर 'गुप्तदान' असते, पण 'गुप्त ग्रहण' हा शब्ददेखील आपल्याला सुचलेला नाही. देणाऱ्याचे नाव लिहायचे की नाही यावर आपण खल करतो; घेणाऱ्याचे नाव मात्र सगळ्या गावाला तोंडपाठ असते.

आपल्या शेतकऱ्याकडे याला एक फार चांगला शब्द आहे : सरवा. कापणी झाल्यावर शेतात जी कणसे राहून जातात तो सरवा. आमच्या नगरकडे ज्वारी-बाजरीच्या रानात आणि भुईमूग काढलेल्या वावरांत सरवा वेचणाऱ्या बाया-पोरांना मी लहानपणापासून पाहिले आहे. मराठी बायबलमध्ये रूथच्या गोष्टीला हाच शब्द वापरला आहे, आणि तो इतका चपखल आहे की गोष्ट बेथलेहेमची असूनही आपल्याच शिवारात घडल्यासारखी वाटते.

रूथ ही मवाब देशाची, म्हणजे परमुलखातली, तरुण विधवा. सासू नामीबरोबर ती बेथलेहेमला येते तेव्हा सातूची कापणी नुकतीच सुरू झालेली असते. दोघींकडे खायला काही नाही. गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी शेताचे कोपरे कापू नयेत, पडलेली कणसे पुन्हा उचलू नयेत, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक होता. त्या आधारावर ती बवाज नावाच्या सधन शेतकऱ्याच्या रानात सरवा वेचायला जाते. बवाजला तिची कहाणी कळते. तो तिला जेवायला बोलावतो, आणि ती पुन्हा वेचायला उठल्यावर आपल्या गड्यांना हळूच सांगतो की पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम ओढून खाली टाकत चला, आणि ती वेचील तेव्हा तिला बोलू नका.

मला या गोष्टीत बवाजची युक्ती सर्वांत मोठी वाटते. तो तिला पोतेभर सातू देऊन वाटेला लावू शकला असता. त्याला ते जड नव्हते. पण मग रूथ भिकारीण झाली असती. त्याने कणसे गळू दिली आणि ती वेचायचे काम तिच्याकडे ठेवले. संध्याकाळी तिने आपला वाटा झोडपून घरी नेला तो स्वतःच्या कष्टाचा म्हणून. ही रूथ पुढे दावीद राजाची पणजी झाली, आणि मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीत तिचे नाव आहे. आमच्या धर्माच्या मुळाशी कोणीतरी कोणाला कळू न देता खाली टाकलेली चार कणसे आहेत, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

ही युक्ती आपल्या आया-आज्यांना बायबल न वाचताही येत होती. शेजारच्या घरात चूल थंड आहे हे भिंतीपलीकडून समजायचे. मग पदराखाली ताटली झाकून जायचे आणि म्हणायचे, 'अगं, आज भाजी जास्तच झाली बघ, वाया जाईल म्हणून आणली.' भाजी जास्त झालेली नसायची. पाच माणसांच्या भाजीत पाणी वाढवून ती जास्त करण्यात आलेली असायची. घेणारीलाही ते माहीत असायचे, पण 'वाया जाईल' या दोन शब्दांनी ती उपकारातून मोकळी व्हायची. उलट शेजारणीचे अन्न वाया जाऊ न दिल्याचा उपकारच तिच्या बाजूला जमा व्हायचा. आणि ते भांडे रिकामे परत द्यायचे नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालून द्यायचे, हा रिवाज तर जातिधर्म ओलांडून सगळ्या महाराष्ट्रात आहे. त्या चिमूटभर साखरेने हिशेब बरोबरीत यायचा. कोणी वर नाही, कोणी खाली नाही.

आता ताटलीच्या जागी फोटो आला आहे. २०२० च्या टाळेबंदीत हजारो माणसांनी हजारो घरांत धान्य पोहोचवले, हे मोठे काम झाले, यात वाद नाही. पण एक पिशवी, तिला सात हात लावलेली सात माणसे आणि मध्ये खाली मान घातलेली एक बाई, असे चित्र त्या दिवसांत आपण किती वेळा पाहिले! राजस्थान सरकारला तर एप्रिल २०२० मध्ये मदतवाटपाच्या फोटोंवर बंदी घालावी लागली. ती पाच किलो कणीक आठ दिवसांत संपली असेल. फोटो अजून कोणाच्या तरी मोबाइलमध्ये आहे. त्या बाईचा मुलगा उद्या मोठा होईल आणि तो फोटो पाहील, हा विचार पिशवी धरणाऱ्या सात जणांपैकी एकाच्याही मनात आला नसेल काय? यात सर्व धर्मांच्या, सर्व पक्षांच्या संस्था होत्या, आमच्याही होत्या. वर्गणी देणाऱ्यांना पुरावा लागतो, असे त्यावर उत्तर मिळते. या उत्तराकडे मी पुढे येतोच.

त्याआधी एका सहीविषयी सांगतो. बँकेत पैसे भरण्याच्या स्लिपवर दोन नावांची जागा असते : खातेदाराचे नाव आणि भरणाऱ्याची सही. तालुक्याच्या गावी एका शाखेत मी अधिकारी होतो तेव्हा दर जूनच्या पहिल्या आठवड्यात एक बाई यायच्या. परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, आमच्याच मंडळीतल्या. स्वतःची पेन्शन काढायच्या आणि त्यातलीच थोडी थोडी रक्कम तीन-चार वेगळ्या खात्यांत भरायच्या. ती खाती शाळकरी पोरांच्या आयांची होती. एखादी ख्रिस्ती, बाकीच्या नव्हेत. पेन्शनच्या कागदावर त्यांची सही मोत्यासारखी असायची, आणि या स्लिपांवर मात्र किरट्या रेघोट्या. एकदा मी म्हणालो, 'सिस्टर, ही सही कोणाला लागायची नाही.' त्या म्हणाल्या, 'म्हणून तर.'

पुढे एका वर्षी त्यांतली एक खातेदार पासबुक घेऊन माझ्या टेबलाशी आली. हे पैसे कुठले म्हणून तिला धास्ती वाटत होती. चूक नाही, कोणीतरी रोख भरले आहेत, तुमचेच आहेत, एवढे मी सांगितले. ती म्हणाली, 'मग साहेब, हात कोणापुढं जोडायचे?' मी म्हणालो, 'कोणापुढंच नाही.' ती थोडा वेळ उभी राहिली, मग पैसे काढले, दोनदा मोजले आणि गेली. त्यानंतर पंधरा दिवसांनी बाजारच्या दिवशी मी त्या दोघींना एकाच भाजीवाल्यापुढे पाहिले. मेथीची एकच चांगली जुडी उरली होती आणि ती आधी कोणी उचलली यावरून दोघींची हुज्जत चालली होती. घेणारीला देणारी माहीत असती तर ती जुडी तिने मुकाट्याने सोडून दिली असती, आणि पुढे आयुष्यभर प्रत्येक जुडी सोडत राहिली असती. सिस्टरनी तिला फी दिली, त्याहून तिचा भांडण्याचा हक्क शाबूत ठेवला, हे मला जास्त मोलाचे वाटले. त्या आता हयात नाहीत, म्हणून एवढे लिहिले. नाव मी आजही लिहिणार नाही.

बँकेच्या नोकरीमुळे लूकच्या शुभवर्तमानातल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याकडेही मी जरा वेगळ्या नजरेने पाहतो. वाटेत लुटारूंनी मारून टाकलेला यहुदी; याजक आणि लेवी बाजूने निघून जातात; यहुदी ज्याला परका मानत तो शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो. प्रवचनात गोष्ट बहुधा इथे संपते. पुढचा व्यवहार कोणी फारसा पाहत नाही. दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, देतो आणि सांगतो की याहून जास्त खर्च झाला तर मी परत येताना भरीन. म्हणजे त्याने एका अनोळखी माणसासाठी रकमेची मर्यादा न घातलेले खाते उघडून दिले आणि स्वतः जामीन राहिला. कोणत्याही शाखाधिकाऱ्याने अशा कागदावर सही केली नसती! आणि गोष्टीत त्याचे नाव नाही. जखमी माणूस शुद्धीवर आला तेव्हा त्याला काय कळले असेल? तुझा खर्च भरला गेला आहे, एवढेच.

बाराव्या शतकातल्या मैमोनिडीज या यहुदी धर्मपंडिताने दानाच्या आठ पायऱ्या लावून दाखवल्या आहेत. नाराजीने देणे ही सर्वांत खालची. देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही, ही बरीच वरची. पण सर्वांत वरची नव्हे. सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसाला कर्ज देणे, धंद्यात भागी देणे किंवा काम मिळवून देणे, जेणेकरून त्याला पुन्हा मागावे लागणार नाही. उमेदीची वर्षे कर्जाच्या अर्जांवर सह्या करण्यात गेलेल्या माणसाला हे वाचून किती बरे वाटले असेल याची वाचकांनी कल्पना करावी. पण त्यात तथ्य आहे. कर्ज घेणारा मान खाली घालत नाही. तो व्यवहार करतो.

या वरच्या पायरीचे महाराष्ट्रातले उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य परदेशात शिकून १९७० मध्ये जामखेडसारख्या दुष्काळी तालुक्यात येऊन राहिले. त्यांनी दवाखाना काढला, पण मुख्य काम दवाखान्यात ठेवले नाही. गावांनी निवडलेल्या बायकांना, ज्यांतल्या अनेक निरक्षर आणि दलित होत्या, त्यांनी बाळंतपण, लसीकरण, स्वच्छ पाणी, पोषण यांचे शिक्षण दिले. ज्या बाईला विहिरीजवळ फिरकू देत नव्हते तिच्या सल्ल्याने गाव आपली मुले वाचवू लागले. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा बाहेरच्यांना नावे समजली. त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. पण त्यांच्या कामातले गुप्तदान वेगळ्या जागी आहे. गावातली बाई 'डॉक्टरांनी केले' असे न म्हणता 'आम्ही केले' असे म्हणू शकते, हा त्यांनी ठेवलेला सरवा.

आता संशयाविषयी. तो टाळून या विषयावर लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८९३ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या मुलींच्या धर्मांतराचा प्रश्न पुण्यात पेटला, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तीनच वर्षांनी दुष्काळ पडला आणि ज्यांना कोणीच विचारत नव्हते अशा शेकडो मुलींना रमाबाईंनी केडगावला आणले व जगवले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या दुष्काळांत मिशनांनी हजारो जीव वाचवले हे खरे, आणि भाकरीच्या मागोमाग बाप्तिस्मा आला हेही पुष्कळ ठिकाणी खरे. 'पोटासाठी बाटलेले' हे शब्द आमच्या पूर्वजांनी ऐकले आहेत. त्यांतल्या कित्येकांना भाकरीहून मोठी गोष्ट मिळाली होती : माणूस म्हणून वागणूक. ती त्यांना गावाने दिली नव्हती. तरीही, देणारा आणि उपदेश करणारा एकच असला की घेणाऱ्याचा होकार कितपत मोकळा असतो, हा प्रश्न उरतोच. तो आम्ही स्वतःला विचारायला हवा. दुसऱ्यांनी विचारला म्हणून रागावण्यात अर्थ नाही.

पण त्या जुन्या प्रश्नाचा आजचा वापर वेगळा आहे. आज एखाद्या खेड्यातला ख्रिस्ती शिक्षक शेजारच्या पोराची फी भरताना दोनदा विचार करतो. उद्या कोणी विचारले, बदल्यात काय मागितले, तर? आणि गुपचूप भरली तर संशय दुप्पट : लपवायचे कारण काय? ज्या गुप्ततेची येशूने आज्ञा केली तीच कटाची खूण ठरते. मग काही जण हात आखडता घेतात. नम्रतेने झाकलेला हात आणि भीतीने झाकलेला हात बाहेरून सारखेच दिसतात. पण पहिल्यात काहीतरी असते, दुसरा रिकामा असतो. आमच्या समाजापुढचा खरा धोका मला हा वाटतो.

दुसरा धोका याच्या उलट आहे. संशयाला उत्तर म्हणून आम्ही यादी वाचू लागतो : इतक्या शाळा, इतकी रुग्णालये, इतके कुष्ठधाम. संतापाच्या भरात ती तोंडातून निघते, हे मी समजू शकतो. पण सेवेची पावती दाखवून या मातीतला आपला हक्क सिद्ध करायचा नसतो. हक्क जन्माने आणि घटनेने मिळालेला आहे. आणि ज्या क्षणी आपण पावती दाखवतो त्या क्षणी, ज्यांना पूर्वी दिले त्या सर्वांकडून आपण मागाहून वसुली करतो.

मग मार्ग काय? बँकेने मला एक साधा भेद शिकवला, तोच येथे उपयोगी पडेल. संस्थेचा हिशेब उघडा असावा आणि माणसाचा हात झाकलेला असावा. आपण नेमके उलट करतो. सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो. धर्मादाय संस्थेला निनावी मिळालेल्या देणगीवर एका मर्यादेपलीकडे आयकर लागतो. २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर परदेशी देणगी घ्यायची तर स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच खाते लागते. या नियमांचा जाच होतो अशी तक्रार असते, आणि काही ठिकाणी ती रास्तही आहे. पण संस्थेने पै-पैचा हिशेब द्यावा हे तत्त्व योग्यच आहे, आणि चर्चनेही आपल्या दानपेटीचा हिशेब आपल्या मंडळीपुढे निःसंकोच मांडावा. वर्गणीदाराला पुरावा हवा असेल तर त्याला लेखापरीक्षकाचा अहवाल द्यावा. कोणा बाईचा चेहरा हा पुरावा नव्हे.

माणसाचे मात्र तसे नाही. शेजाऱ्याला शेजाऱ्याने केलेल्या मदतीची नोंद कोणत्याही वहीत असू नये. तिच्याबरोबर पुस्तिका देऊ नये, प्रार्थनेचे निमंत्रण देऊ नये, नाव देऊ नये. यावर आमच्यातलेच काही विचारतील, मग ते ख्रिस्ताच्या नावाने कसे झाले? मला वाटते, ख्रिस्ताच्या नावाने करणे आणि ख्रिस्ताचे नाव सांगून करणे यांत फरक आहे. ज्याला आपण ख्रिस्ती आहोत हे कधीच कळणार नाही, त्यालाही आपण तेवढेच देऊ काय, ही कसोटी प्रत्येकाने स्वतःला लावून पाहावी. ती पार पडली तर बाहेरच्या संशयाची भीती उरत नाही, कारण मागितलेलेच काही नसते.

आणखी एक गोष्ट. गुप्त देणारा स्वतः गुप्त राहतो, पण त्याचे देणे घरात उघडे पडते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हाती पैसा राहत नसे; समोर गरजू दिसला की तो त्याचा व्हायचा. त्यानंतर घर कसे चालवायचे हा प्रश्न लक्ष्मीबाईंपुढे यायचा, हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना सांगायला नको. टिळकांच्या औदार्याला मराठीत पुष्कळ हार घातले गेले. भाजीत पाणी वाढवणाऱ्या बाईकडे पाहायला मात्र तिने स्वतः लिहीपर्यंत थांबावे लागले. म्हणून नवऱ्याने गुपचूप दान करायचे असेल तर निदान बायकोपासून ते गुप्त ठेवू नये. एका हाताचे दुसऱ्या हाताला कळू नये हे खरे. पण पत्नी हा दुसरा हात नव्हे, तिचा वाटा त्याच हातात आहे.

शेवटी मत्तयाच्याच पंचविसाव्या अध्यायातले न्यायाच्या दिवसाचे चित्र आठवते. राजा उजवीकडच्यांना सांगतो की मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिले, आजारी होतो तेव्हा भेटायला आलात. आणि ते गोंधळून विचारतात, केव्हा? त्यांच्या लक्षातच नसते. येशूच्या मनातली गुप्तता बहुधा एवढी खोल होती : लोकांपासून लपवलेली, घेणाऱ्यापासून लपवलेली, आणि अखेरीस करणाऱ्याच्याही आठवणीतून गेलेली. आपल्यापैकी बहुतेकांना तिथवर पोहोचता येणार नाही. आपल्याला आठवण राहते, आणि कधीकधी ती आपण चवीने चघळतोही. पण दर जूनमध्ये कोणाची तरी फी भरायची राहिलेली असते, दर गल्लीत एखादी चूल थंड असते, आणि रुग्णालयाच्या वॉर्डात ज्याच्याजवळ रात्री बसायला कोणी नाही असा एखादा खाटेवर असतोच. तिथे जायला धर्म बदलावा लागत नाही, फलक लावावा लागत नाही. जाताना चार कणसे खाली टाकावीत आणि मागे वळून पाहू नये.